मेसचा ओला कचरा कॉलेजच्या आवारातच जिरवायचा, तर सुरुवात कुठून?

कॉलेजात नव्यानं आलात आणि पर्यावरणासाठी काहीतरी करायचं मनात आहे, तर पहिल्या दोन महिन्यांत तुमच्यापुढे वृक्षारोपण, पोस्टर स्पर्धा आणि प्लॅस्टिकमुक्तीची शपथ एवढं नक्की येईल. भाग घ्या, ओळखी होतात. पण रोज दोन वेळा तयार होणारी, वजन करता येणारी आणि अडीच-तीन महिन्यांत हातात काहीतरी देणारी गोष्ट हवी असेल, तर वसतिगृहाच्या मेसमागे ठेवलेल्या पिंपांकडे वळा.

हा लेख २०० ते ६०० मुलांच्या मेससाठी आहे. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे दिवसाला ५० किलो ओला कचरा धरला आहे. तुमचा आकडा निघाला की त्या पटीत कमी-जास्त करा. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो. असे प्रकल्प बंद पडतात ते बहुतेक दोन कारणांनी: पावसाळ्यात कोरडा पाला संपतो, आणि परीक्षेत माणसं संपतात. जंतू, यंत्रं, तंत्रज्ञान हे सगळं त्यानंतर येतं.

१. आधीपासून काय चालू आहे ते शोधा

बहुतेक कॉलेजांत कागदावर काहीतरी आधीच असतं. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सात निकषांच्या पद्धतीत सातव्या निकषाखाली कचरा, पाणी, ऊर्जा आणि हरित आवार यांची माहिती द्यावी लागायची. त्यामुळे कॉलेजच्या संकेतस्थळावर आयक्यूएसीच्या (कॉलेजचा अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष) पानावर वार्षिक गुणवत्ता अहवाल आणि हरित लेखापरीक्षणाचे अहवाल सापडतात. शेवटच्या दोन-तीन वर्षांचे वाचा. ‘गांडूळखत प्रकल्प कार्यान्वित’ असं लिहिलेलं असेल, तर तो कुठे आहे ते चालत जाऊन बघा. अनेकदा तिथे रिकामा हौद, वर तुटकं पत्र्याचं छप्पर आणि उद्घाटनाची पाटी असते. वाईट वाटून घेऊ नका. हौद आयता मिळाला.

मग ही माणसं गाठा: राष्ट्रीय सेवा योजनेचे कार्यक्रम अधिकारी, रेक्टर, बागेचं काम बघणारे माळी किंवा उद्यान विभाग, विद्यापीठ असेल तर मालमत्ता विभाग, आणि मेसचे ठेकेदार. मागचा प्रकल्प का बंद पडला, हे माळीकाकांना विचारा. अहवालात नसलेलं उत्तर तिथे मिळतं.

सार्वजनिक विद्यापीठात माहिती अधिकारात १० रुपयांत अर्ज करून अहवाल मागता येतात. पण सुरुवात त्याने करू नका. ज्यांच्याकडून पुढे रोज मदत लागणार आहे, त्यांना पहिल्याच भेटीत अर्जाचं उत्तर लिहायला बसवणं परवडत नाही.

२. काटा आणा आणि कचरा मोजा

‘खूप अन्न वाया जातं’ या वाक्यावर कुणी सही करत नाही. तक्त्यावर करतात.

लागणारं सामान: ५० किलोपर्यंतचा लटकवायचा डिजिटल काटा, झाकणाची तीन पिंपं, रबरी हातमोजे, वही. तीन पिंपं तीन प्रकारांसाठी:

- निवडताना-चिरताना निघालेला कचरा: साली, देठ, चहाचा चोथा
- ताटातलं खरकटं
- पातेल्यात उरलेलं, वाढलंच न गेलेलं अन्न

सलग सात दिवस मोजा. तीन दिवसांत उरकलंत तर आकडे फसवतात, कारण आठवडा सारखा नसतो. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी मेस बंद. एकादशीला किंवा चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी आणि निम्मी मुलं बाहेर. शुक्रवारी संध्याकाळी जवळच्या गावची मुलं घरी गेलेली. प्रत्येक जेवणाला किती मुलं होती तेही लिहा, म्हणजे माणशी ग्रॅम काढता येतील. पिंपांचं रिकामं वजन आधी वजा करा. हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

आठव्या दिवशी तुमच्याकडे तीन आकडे असतील आणि तिन्हींवर उपाय वेगळा आहे. पातेल्यातलं जास्त असेल तर दोष अंदाजाचा. मेसला जेवणाऱ्यांचा आकडा आदल्या रात्री मिळाला की ते उतरतं. ताटातलं जास्त असेल तर दोष वाढण्याच्या पद्धतीचा. साली-देठ मात्र राहणारच. खताचा खरा कच्चा माल तोच.

आणखी एका कारणासाठी हा तक्ता जपा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा उत्पादक ठरवलं, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवारांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. या १०० किलोंत सुका कचरा आणि बागेतला कचराही धरला जातो. तुमचं कॉलेज त्यात बसतं हे तक्त्यानं दाखवलं, की अर्जाला वजन येतं.

३. खत करण्याआधी खरकटं कमी करा

शिजवलेलं अन्न खतात घालणं हा नाइलाज आहे. त्यात तेल आणि मीठ असतं, उंदरांना तेच आवडतं, आणि वास मारतो तोही त्याचाच. म्हणून पहिले तीन आठवडे फक्त यावर घालवा.

भातासाठी लहान डाव. पोळी अर्धी करून ठेवायची सोय. भाजी ‘थोडी’ मागितली तर थोडीच मिळेल, हे वाढणाऱ्या मावशींशी बोलून ठरवणं. ताटं ठेवतात तिथे एक फळा आणि त्यावर फक्त कालचा आकडा: ‘काल ताटात टाकलेलं: २२ किलो, जेवणारे: ३९०’. खाली उपदेश लिहू नका, उपाशी मुलांचे फोटो तर अजिबात नकोत. आकडा रोज बदलला पाहिजे, एवढंच. दोन दिवस तोच राहिला की कुणी बघत नाही.

पातेल्यातलं चांगलं अन्न वाटायचं असेल, तर त्यासाठी २०१९ पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत: ताजं, झाकलेलं, वेळ लिहिलेलं अन्न नोंदणीकृत संस्थेकडे द्यायचं. रात्री दहाला उरलेला भात सकाळी वाटू नका.

४. पद्धत निवडा

बाजारात पर्याय बरेच आहेत. आमचं मत आधीच सांगतो: पहिल्या वर्षी हवेशीर हौदात पालापाचोळा मिसळून खत करा, बाकीचं नंतर.

*विजेवरचं यंत्र.* ‘२४ तासांत खत’ अशी जाहिरात असते. यंत्र कचरा दळतं, तापवतं, वाळवतं. बाहेर पडणारा तपकिरी भुगा खतासारखा दिसतो, पण तो वाळलेला कचराच असतो. ओला केला की पुन्हा तापतो, बुरशी धरतो, वास मारतो, आणि तसाच झाडांना घातला तर मुळं पोळतात. तो पुढे आठवडे मुरवावाच लागतो. म्हणजे हौद लागणारच, वर विजेचं बिल. कॉलेजनं यंत्र आधीच घेतलेलं असेल तर वापरा, पण त्यातून निघालेलं कच्चा माल समजा.

*नाडेप.* यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या पांढरीपांडे यांची ही पद्धत: विटांचा जाळीदार हौद, साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद, ३ फूट उंच, पाला, शेण आणि माती यांचे थर. उत्तम पद्धत आहे, पण हौद एक-दोन दिवसांत भरून लिंपायचा असतो आणि पुढे तीन ते चार महिने हात लावायचा नसतो. बागेच्या कचऱ्याला ती फार छान बसते. रोज येणाऱ्या खरकट्याला बसत नाही. रोज थोडं-थोडं घालून ‘नाडेप चालत नाही’ म्हणणारे खूप भेटतील.

*गांडूळखत.* गांडुळांना ३५ अंशांपुढची उष्णता सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यातला मे महिना आणि मेसचं तिखट-मीठ या दोन्हीत ती मरतात. आधी साधं खत करून तो अर्धवट मुरलेला माल गांडुळांना द्या.

*बायोगॅस.* मेसमध्येच गॅस जाळता येणार असेल, दिवसाला १०० किलोंच्या आसपास खरकटं असेल आणि कायम पगारी माणूस असेल, तर विचार करावा. भाभा अणुसंशोधन केंद्रातलं निसर्गऋण तंत्र मोठ्या आवारांसाठी आहे. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचं खरकट्यावर चालणारं संयंत्र लहान प्रमाणासाठी. एक घनमीटर गॅस म्हणजे साधारण ४०० ते ४५० ग्रॅम एलपीजी. अडचण सुट्ट्यांची: महिनाभर उपाशी राहिलेलं संयंत्र जूनमध्ये एकदम भरलं की आंबतं आणि गॅस बंद होतो. विद्यार्थ्यांच्या भरवशावर ते घेऊ नका.

५. परवानगी आणि कागद

अर्ज एक पानाचा, मराठीत. प्राचार्यांच्या किंवा कुलसचिवांच्या नावे, कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या ‘मार्फत’. ‘प्रकल्प सुरू करण्यास मान्यता मिळावी’ असं न लिहिता ‘९० दिवसांच्या चाचणीसाठी दोन हौद, रोज १० किलो’ एवढंच मागा. चाचणीला नाही म्हणणं अवघड असतं.

सोबत जोडायचं:

- सात दिवसांच्या वजनाचा तक्ता
- जागेचा हाताने काढलेला नकाशा: वसतिगृह, विहीर किंवा बोअरवेल, पाण्याचा नळ, यांच्यापासूनची अंतरं लिहून
- मेस ठेकेदाराचं आणि रेक्टरांचं संमतिपत्र
- खर्चाचा अंदाज. खरेदी कॉलेजच्या पैशानं असेल तर तीन दरपत्रकं
- काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची यादी, वर्ग आणि विभागासह
- चाचणी फसली तर जागा साफ करून देऊ, असं एक वाक्य

अर्ज आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घ्या. साहेबांच्या टेबलावर ठेवून आलेला कागद सापडत नाही. पैसे मिळणार असतील तर बिलं फेब्रुवारीतच द्या. मार्चअखेरीला लेखा विभागात कुणाला वेळ नसतो आणि ३१ मार्चनंतर तरतूद गेलेली असते.

माणसांचीही सोय कागदावरच करा. राष्ट्रीय सेवा योजनेत वर्षाला १२० तास भरायचे असतात. खताचं काम त्यात धरायला सांगा. नव्या शैक्षणिक धोरणातले फील्ड प्रोजेक्ट आणि कम्युनिटी एंगेजमेंटचे श्रेयांक आहेत. दुसऱ्या वर्षाचा पर्यावरणाचा प्रकल्प अनेक ठिकाणी नेटवरून उतरवला जातो. त्याऐवजी हौदाच्या तापमानाच्या नोंदी घेता येतील. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ योजना आहे. सकाळचा एक तास त्यातून भरला, तर परीक्षेतही काम थांबत नाही. स्वयंसेवकांपेक्षा तासाचे पैसे मिळणारी दोन मुलं जास्त भरवशाची, हे मान्य करून पुढे जा.

सफाई कामगारांशी आधी बोला. तुमच्या उत्साहानं त्यांच्या कामात तासाची भर पडत असेल, तर ते त्यांच्या ठेक्यात आणि पगारात दिसलं पाहिजे.

मेसचं टेंडर कधी निघतं तेही विचारून ठेवा. बहुतेक ठिकाणी उन्हाळ्यात निघतं. त्यात ‘कचरा तीन पिंपांत वेगळा करून देणे ठेकेदारास बंधनकारक’ ही एक ओळ घातली गेली, तर पुढचं वर्षभर विनवण्या करायला नकोत.

६. पालापाचोळा: सगळं यावर अवलंबून आहे

खरकट्यात तीन चतुर्थांश पाणी असतं आणि नत्र जास्त. सुक्या पाल्यात कर्ब जास्त, पाणी जवळजवळ नाही. वजनानं १० किलो ओल्याला ३ किलो सुका पाला घातला, की कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ला १ च्या आसपास येतं आणि ओलावा ६० टक्क्यांच्या. खत व्हायला हेच हवं. पाला १ किलोवर आणलात तर ओलावा ७० टक्क्यांकडे जातो, हवा बंद होते, आणि रेक्टरांचा फोन येतो.

५० किलोंना रोज १५ किलो पाला, म्हणजे महिन्याला ४५० किलो. पावसाळ्याच्या चार महिन्यांचे १,८०० किलो. दळलेला पाला एका मोठ्या धान्याच्या पोत्यात साधारण १२ किलो बसतो; न दळलेला त्याच्या निम्मा. म्हणजे १५० पोती, किंवा दहा बाय दहाची खोली सहा फूट उंचीपर्यंत भरलेली. ही जागा आधी शोधा. पाला फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गळतो, लागतो जून ते ऑक्टोबरमध्ये.

कोणता पाला? गुलमोहर, पेल्टोफोरम, वर्षावृक्ष, शिरीष यांची पानं बारीक. दळायची गरज नाही. आंबा, वड, पिंपळ, फणस, बदाम दळूनच. साग आणि बांबू दळले तरी वेळ लावतात. निलगिरी थोडीच घाला. नारळाच्या झावळ्या नकोत. दळायला दोन ते तीन अश्वशक्तीचं पाला कापायचं यंत्र पुरतं. नसेल तर पाला पसरून त्यावरून कॉलेजचा ट्रॅक्टर फिरवतात, तेही चालतं.

कमी पडला तर सुताराकडचा लाकडाचा भुसा, उसाचं चिपाड, नारळाचा भुसा. प्लायवूड किंवा एमडीएफचा भुसा घेऊ नका, त्यात डिंकाची रसायनं असतात. तांदळाचा तूस हवा खेळवतो, पण कुजायला फार वेळ घेतो.

तीन सूचना. पाला हिरवळीवरून आणि झाडांखालून गोळा करा. रस्त्यावर झाडलेल्या ढिगात खडी, काच आणि गुटख्याच्या पुड्या असतात. साठवण विजेच्या मीटरजवळ नको, आणि जवळ वाळूच्या दोन बादल्या ठेवा. ढिगात हात घालण्याआधी दाताळ्यानं हलवा, कारण पालापाचोळ्यात घोणस दिसत नाही. गमबूट घातल्याशिवाय कुणालाही आत सोडायचं नाही.

माळीकाका पाला जाळत असतील, तर त्यांच्यावर ओरडण्याऐवजी पोती पुरवा. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली: साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये दंड. हे प्राचार्यांना माहीत असलं तरी पुरे.

७. जागा, हौद, अवजारं

जागा उंचावर, पाणी न साचणारी, सावलीतली. वसतिगृहाच्या खिडक्यांपासून लांब, पण मेसपासून हातगाडी जाईल एवढी जवळ. पिंप ४०० मीटर ढकलावं लागलं तर चौथ्या दिवशी ते वाटेत ओतलेलं सापडेल. विहिरीजवळ नको. नळ हवा.

हौद १.२ मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. विटांचा जाळीदार करा, किंवा लोखंडी कोनांवर वेल्डमेश लावून. जाळीची भोकं अर्ध्या इंचाहून मोठी नकोत, नाहीतर उंदीर येतात. जाळी तळालाही लावा. समोरची बाजू काढता आली पाहिजे. वर पत्रा किंवा ताडपत्री, पावसाची झड आत येणार नाही अशी पुढे काढलेली. एक हौद १० ते १५ दिवसांत भरतो आणि पुढे सुमारे दोन महिने घेतो, म्हणून ५० किलोंना सहा हौद, शिवाय मुरवायला फरशी. चाचणीला दोन पुरेत: एक भरायला, एक उलटवायला. घनमीटरपेक्षा लहान हौदात उष्णता टिकत नाही. बादलीत करून बघून ‘तापलंच नाही’ म्हणू नका.

अवजारं: दाताळं, फावडं, चार घमेली, झारी, काटा, अर्धा मीटर दांड्याचा तापमापक किंवा तेवढीच लोखंडी सळई, गमबूट, हातमोजे, आणि मास्क. मास्क उलटवताना लागतो. कोरड्या ढिगातून बुरशीचे कण उडतात आणि दम्याच्या माणसाला त्रास होतो.

विरजण म्हणून शेणकाला, आंबट ताक किंवा मागच्या हौदातलं अर्धवट खत. बाटलीतली कल्चरं घेतलीत तर चालतात, न घेतलीत तरी अडत नाही.

८. रोजचा अर्धा तास

१. तळाला वीतभर काड्या आणि नारळाच्या शेंड्यांचा थर. हा एकदाच.

२. पिंप आलं की चाळणीवर ओतून आमटी-रस्सा निथळून घ्या. निथळलेलं पाणी सांडपाण्याकडे. प्लॅस्टिक, चमचे, रबर वेगळे काढा आणि त्यांचंही वजन लिहा.

३. पाला आणि ओला कचरा फरशीवर मिसळा, मग हौदात टाका. थरावर थर लावण्यापेक्षा हे चांगलं. भाताचा गोळा आत तसाच राहत नाही.

४. घमेलंभर जुनं खत भुरभुरा.

५. वर दोन इंच सुका पाला. अन्नाचा एकही कण दिसता कामा नये. माश्यांचा प्रश्न निम्म्याहून जास्त इथेच संपतो.

६. मूठ दाबून बघा. एक-दोन थेंब आले तर ठीक. धार लागली तर पाला, मूठ सुटली तर पाणी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी आतलं तापमान ५५ ते ६५ अंशांवर गेलं पाहिजे. सळई दहा मिनिटं खुपसून बाहेर काढा. हातात धरवली नाही तर काम सुरू आहे. ५५ च्या वर किमान तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ७० च्या पुढे गेलं तर उपयोगी जंतूही मरतात, तेव्हा लगेच उलटवा. भरून झाल्यावर दर आठवड्याला एकदा उलटवायचं, बाहेरचं आत आणि आतलं बाहेर.

काय घालायचं नाही: हाडं, मासळीचे अवशेष, तळणीचं तेल, सॅनिटरी कचरा, कागदी कप. कपाला आतून प्लॅस्टिकचा थर असतो. ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्याही नकोत. त्या मोठ्या प्रकल्पांतल्या दीर्घ उष्णतेसाठी असतात, तुमच्या हौदातून चिंध्या होऊन बाहेर येतील. सुपारीच्या द्रोण-पत्रावळी तुकडे करून चालतात, अंड्याची टरफलं चुरून.

९. काय बिघडतं आणि का

*डोळे चुरचुरणारा अमोनियाचा वास:* नत्र जास्त. सुका पाला मिसळून उलटवा.

*सडक्या अंड्याचा वास:* हवा बंद, पाणी जास्त. पूर्ण रिकामा करून काड्या आणि पाला घालून पुन्हा भरा. वरून पाला टाकून काही होत नाही. अत्तर, फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर तर मुळीच नाही. सगळे जंतू मरतील आणि वास राहील.

*तापतच नाही:* हौद अर्धाच भरलाय, कोरडा आहे किंवा नुसता पाला आहे. मुंग्या दिसल्या तर नक्की कोरडा.

*जाड, करडट, वळवळणाऱ्या अळ्या:* ब्लॅक सोल्जर माशीच्या. त्या अन्न झपाट्यानं संपवतात, चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत. मात्र फार झाल्या तर ढीग ओला आहे असं समजा. बघायला आलेले पाहुणे घाबरतात, म्हणून आधीच सांगून ठेवा.

*पांढरी बुरशी, राखेसारखा थर:* चांगलं लक्षण.

*तळातून काळं पाणी:* हे ‘द्रवरूप खत’ म्हणून बाटल्यांत भरून वाटू नका. ते न कुजलेल्या अन्नाचं पाणी आहे. गोळा करून कोरड्या पाल्यावर शिंपडा, आणि उद्यापासून पाला वाढवा.

*उंदीर:* जाळी फाटलीय किंवा शिजवलेलं अन्न वर उघडं आहे. विष ठेवू नका. मेलेला उंदीर मांजर किंवा घुबड खातं.

१०. खत तयार झालं का?

साधारण दोन महिन्यांत ढीग निम्म्याहून कमी होतो आणि उलटवल्यावरही तापत नाही. तो फरशीवर काढून आणखी तीन-चार आठवडे मुरू द्या, मग चाळा. चाळणीवर राहिलेलं नव्या हौदात विरजण म्हणून जातं. मूठभर ओलसर खत घट्ट पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबूस आला तर नाही. दुसरी चाचणी मेथीच्या दाण्यांची: एका कुंडीत नुसती माती, दुसरीत माती-खत निम्मं-निम्मं. दुसरीत कमी उगवली तर अजून मुरवा.

मेसच्या खतात मीठ हा खरा धोका आहे. पहिला घाणा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा माती परीक्षण प्रयोगशाळेत तपासून घ्या. खत नियंत्रण आदेशात शहरी कंपोस्टसाठी क्षारता ४ च्या आत, सामू ६.५ ते ७.५ आणि कर्ब-नत्र प्रमाण २० च्या आत अशा मर्यादा आहेत. क्षारता जास्त आली तर शिजवलेल्या अन्नाचा वाटा कमी करा. वापरताना एक भाग खत, तीन भाग माती. विकायचा मोह आवरा, त्यासाठी परवाने लागतात. आवारातल्या झाडांना कितीही खत कमीच पडतं.

११. वही, सुट्ट्या आणि पुढची तुकडी

वहीत रोज सहा रकाने: तारीख, ओला किलो, पाला किलो, बाहेर काढलेला सुका कचरा किलो, तापमान, सही. महिन्याची बेरीज आणि एक फोटो आयक्यूएसीच्या समन्वयकांना द्या; अहवाल लिहायच्या दिवसांत ते स्वतःहून तुम्हाला शोधत येतील. सुका कचरा पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचकांना, इतरत्र नेहमीच्या भंगारवाल्याला द्या, पण तोही मोजून.

वर्षाची आखणी अशी ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये मोजणी आणि अर्ज. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खरकटं कमी करणं. पहिला हौद दिवाळीच्या सुट्टीनंतर, हवा कोरडी असताना. भर पावसात सुरुवात केलेले हौद फारसे टिकत नाहीत. फेब्रुवारी ते एप्रिल पाला साठवणं, आणि त्याच काळात पहिल्या वर्षाच्या चार मुलांना हाताशी घेणं. जाणाऱ्या तुकडीनं मार्चमध्ये त्यांच्याकडून महिनाभर सगळं करून घ्यायचं, स्वतः फक्त बघायचं.

परीक्षेच्या तीन आठवड्यांसाठी पाळ्या विभागांप्रमाणे लावा, कारण सगळ्यांचे पेपर एकाच दिवशी नसतात. मे महिन्यात मेस बंद असते, नवा कचरा येत नाही. चालू हौद एकदा उलटवून, भरपूर ओले करून, गोणपाटानं झाका आणि माळीकाकांना आठवड्यातून एकदा पाणी मारायला सांगून जा. जूनमध्ये आल्यावर तेच अर्धवट खत नव्या हौदाचं विरजण. त्या वेळी पहिली पाहणी ताडपत्रीची करा: उन्हानं ती फाटलेली असते आणि मृगाच्या पहिल्या सरीत कळतं.